एक कोसंबी, दोन कोसंबी आणि आपली ग्रंथालये

डी. डी. कोसंबी कोण, असे विचारले तर इतिहासाचा कोणीही विद्यार्थी चटकन सांगेल, 'मिथ अँड रिॲलिटी'चे लेखक, थोर गणिती, दामोदर धर्मानंद कोसंबी. बरोबर आहे. पण त्यांच्या वडिलांचे नाव धर्मानंद दामोदर कोसंबी. इंग्रजी आद्याक्षरे मांडा, तेही डी. डी. कोसंबीच! नातवाला आजोबांचे नाव ठेवायची आपल्याकडची जुनी रीत, तिचा हा परिणाम. वडील सांखवाळचे, जन्म १८७६ चा, पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे पंडित. १९४७ मध्ये सेवाग्रामला वारले. मुलगा १९०७ चा, गेले १९६६ मध्ये.

गंमत पुढेच आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राच्य ग्रंथमालेचा ४१ वा खंड म्हणजे 'विसुद्धिमग्ग' (१९५०). हेन्री क्लार्क वॉरन यांनी हाती घेतलेले हे संपादन धर्मानंदांनी तपासून पुरे केले. त्याच मालेचा ४२ वा खंड म्हणजे 'सुभाषितरत्नकोश' (१९५७), आणि त्याचे संपादक दामोदर कोसंबी व व्ही. व्ही. गोखले. एकाच मालेत, पाठोपाठच्या दोन खंडांवर दोन वेगळे कोसंबी! धर्मानंदांचे 'निवेदन' हे आत्मचरित्र पुढे इंग्रजीत आणले ते त्यांच्या नातीने, मीरा कोसंबी यांनी. म्हणजे तिसरे कोसंबी.

आता एखाद्या मराठी ग्रंथालयाच्या संगणकात हे नाव घालून पाहा. 'कोसंबी ध. दा.', 'धर्मानंद कोसंबी', 'कोसम्बी धर्मानन्द', 'कोसंबी डी. डी.' अशा नोंदी असतात. संगणक बिचारा अक्षरे जुळवतो. त्यामुळे एकतर एका धर्मानंदांची चार माणसे होतात, नाहीतर बाप-लेकांचा एक माणूस होतो. दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत. ग्रंथालयांची नावे सांगत नाही, कारण यात कुणा एका ग्रंथपालाचा दोष नाही. सगळीकडे हेच चालले आहे.

हा तांत्रिक किरकोळ गोंधळ आहे, ग्रंथालयशास्त्रवाल्यांनी पाहून घ्यावा, असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांच्या दृष्टीने तर हा आपल्या वाङ्मयाच्या अस्तित्वाचाच प्रश्न आहे. तो कसा, ते जरा सविस्तर मांडतो.

पेशाने मी सरकारी कारकून. कागदाला नंबर नसेल तर तो कागद हरवलाच, हे आमच्या पेशाचे पहिले सूत्र. गोव्यात जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढायला जाता, तेव्हा तलाठी तुम्हांला काय विचारतो? सर्वे नंबर. जमिनीला घरात 'वयले भाट' म्हणत असतील, शेजारी 'देसायांचे कुळागर' म्हणत असतील, पोर्तुगीज दप्तरात तिसरेच काही लिहिले असेल. मालक बदलतो, वाटण्या होतात. सर्वे नंबर धरला की हे सगळे धागे एका ठिकाणी येतात. कोणते नाव 'खरे' यावर भांडत बसावे लागत नाही. सगळी नावे नोंदवा, नंबर एक ठेवा.

जगातली ग्रंथालये गेली वीस-पंचवीस वर्षे जे करू पाहत आहेत ते नेमके हेच आहे. लिंक्ड डेटा, म्हणजे जोडलेली माहिती, असे त्याचे नाव. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये त्याचे साधे नियम मांडले. प्रत्येक वस्तूला, व्यक्तीला, ग्रंथाला एक कायमचा पत्ता द्या. तो पत्ता वेबवर उघडता यावा. उघडला की उपयोगी माहिती मिळावी, आणि त्या माहितीत इतर पत्त्यांकडे जाणारे दुवे असावेत. बस्स, एवढेच.

त्याआधीची व्यवस्था कार्डांची. लाकडी खणातली ती तालिकापत्रे आठवत असतील. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम यांनी ही पत्रे संगणकाला वाचता यावीत म्हणून 'मार्क' नावाचा साचा तयार केला. तो इतका पक्का होता की आजही जगभर चालतो. पण आत्मा कार्डाचाच राहिला. प्रत्येक नोंदीत लेखकाचे नाव अक्षरांनी पुन्हा पुन्हा लिहायचे. एक वेलांटी चुकली की माणूस बदलला! म्हणून २०११ पासून त्याच संस्थेने नव्या, जोडलेल्या साच्याचे काम हाती घेतले. स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने तर २०१८ मध्ये आपली सगळी सामायिक सूची या पद्धतीवर नेली. लेखकांच्या नावांपुरते काम त्याआधीच सुरू झाले होते. अमेरिका आणि जर्मनीची राष्ट्रीय ग्रंथालये आणि ओसीएलसी ही ग्रंथालयांची सहकारी संस्था यांनी २००३ मध्ये व्हियाफ नावाची जागतिक नामसूची उभारायला घेतली. एकाच लेखकाची निरनिराळ्या देशांतली नावे तिच्यात एका क्रमांकाखाली येतात. ग्रंथाचेही तसेच. मूळ कृती वेगळी, तिचा अनुवाद वेगळा, छापलेली आवृत्ती वेगळी आणि कपाटातली प्रत वेगळी, ही चार पायऱ्यांची मांडणी ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ मध्येच केली होती. धर्मानंदांचे मराठी 'भगवान बुद्ध' आणि त्याचे इतर भाषांतले अनुवाद यांचे नाते सूचीत दिसायचे तर या पायऱ्या लागतातच.

यात मराठी कुठे आहे? आहे, पण परक्यांनी लावली तेवढीच. परदेशी ग्रंथालयांनी मराठी पुस्तके घेतली, त्यांच्या लेखकांची नावे रोमन लिपीत टिंबे-रेघा देऊन लिहिली, ती त्या जागतिक सूचीत गेली. त्यांचे उपकारच आहेत. पण आपल्या लेखकाचे नाव देवनागरीत कसे लिहायचे, त्याची टोपणनावे कोणती, तो कोणत्या गावचा, हे त्यांनी कुठून सांगावे?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. महाराष्ट्राबाहेरच्या मराठीला याची जास्त गरज का?

पुस्तकांची सरकारी नोंद आपल्याकडे सुरू झाली ती १८६७ च्या मुद्रणालये आणि पुस्तक नोंदणीच्या कायद्याने. छापखान्यांनी पुस्तकाच्या प्रती सरकारला द्यायच्या आणि प्रांत सरकारने दर तिमाहीला यादी काढायची, अशी पद्धत. पण हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. होळकरांचे इंदूर, शिंद्यांचे ग्वाल्हेर, गायकवाडांचे बडोदे, निजामाचे हैदराबाद ही संस्थाने. गोवा तर पोर्तुगालकडे. इथे छापलेले मराठी पुस्तक मुंबई इलाख्याच्या यादीत येणारच नव्हते. बेळगाव तेवढे मुंबई इलाख्यात होते, ते १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेले. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांनी कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह आणखी तीन ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असे ठरले, आणि १९५८ पासून भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची निघू लागली. तेव्हाही गोवा बाहेरच. डिसेंबर १९६१ पर्यंत इथे भारताचा कायदाच नव्हता. शिवाय १८६७ च्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये जो नवा कायदा आला, तो फक्त नियतकालिकांचा आहे. पुस्तकांची नोंदणी त्यातून गेलीच.

शंकर गणेश दाते यांनी ग्रंथालये पालथी घालून 'मराठी ग्रंथसूची' केली. १८०० ते १९३७ पर्यंतचा पहिला खंड १९४३ मध्ये आणि १९५० पर्यंतचा दुसरा १९६१ मध्ये आला. त्यांच्या कष्टांपुढे हात जोडावेत. पण एका माणसाला किती गावांच्या कपाटांपर्यंत पोचता येईल? आणि ती छापील सूची. त्यात आज भर घालायची तर कुठे घालणार?

ग्रंथालयांचा कारभारही राज्याराज्यांत वाटलेला. हैदराबादचा कायदा १९५५ चा, कर्नाटकाचा १९६५ चा, महाराष्ट्राचा १९६७ चा, गोव्याचा १९९३ चा, गुजरातचा २००१ चा. प्रत्येक राज्याच्या खात्याला आपल्या हद्दीतली ग्रंथालये दिसतात. पणजीत १८३२ पासून असलेले आमचे मध्यवर्ती ग्रंथालय (आता कृष्णदास शामा यांच्या नावाचे), बेळगावचे सार्वजनिक वाचनालय, हैदराबादचे मराठी ग्रंथ संग्रहालय, बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय, ही सगळी मिळून एक मराठी कपाट आहे असे पाहणारा टेबल कुठल्याही खात्यात नाही. कसा असेल? धर्मानंद मात्र गोव्यातून निघाले ते पुणे, ग्वाल्हेर, काशी करत पुढे नेपाळ आणि सिलोनला गेले. सयाजीरावांच्या आश्रयाने त्यांनी बडोद्यात व्याख्याने दिली, त्यांचे 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक झाले. नंतर अहमदाबादला गुजरात विद्यापीठात आणि अमेरिकेत हार्वर्डला काम केले. असा माणूस कुठल्या राज्याच्या सूचीत मावायचा?

जोडलेल्या माहितीचा मोठा गुण इथे कामाला येतो. सगळी ग्रंथालये एका खात्याखाली आणायची गरज नाही. सगळ्यांनी एकच संगणकप्रणाली घ्यायचीही गरज नाही. कुणी ई-ग्रंथालय वापरो, कुणी कोहा वापरो, कुणी अजून दाखल नोंदवहीतच लिहो. लेखकाच्या नावाशेजारी तो एक सामायिक क्रमांक लिहिला की पणजीचे पुस्तक आणि बडोद्याचे पुस्तक आपोआप एका माणसाखाली येते. बडोद्याला हा विचार नवा वाटू नये. सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गावोगाव वाचनालयांचे जाळे विणले होते. जाळे ही कल्पना आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच आली होती.

हे काम बाहेरचा कुणी करून देईल अशी वाट मात्र पाहू नये. एक उदाहरण देतो. सत्तरीतल्या पिसुर्ले गावचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर. त्यांनी पोर्तुगीजमध्ये लिहिले आणि मराठीतही लिहिले; 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा त्यांचा ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये काढला. पोर्तुगीज ग्रंथांवर त्यांचे आडनाव पोर्तुगीज वळणाने येते, त्याचा उच्चार कुणी 'पिस्सुर्लेंकार' असा करील. लिस्बनचा ग्रंथपाल आणि पुण्याचा ग्रंथपाल, दोघेही आपापल्या परीने बरोबर. ही दोन नावे एकाची हे कोण सांगणार? गोव्याचा माणूस. कामतांचे 'कामोतिम', प्रभूंचे 'पोरोबो', शेणव्यांचे 'सिनाय' कसे झाले हे आम्हांला आजोबांच्या कागदांवरून माहीत आहे. ग्वाल्हेरच्या, इंदूरच्या घराण्यांची अशीच माहिती तिथल्या लोकांकडे असेल. हे जाणणारी पिढी म्हातारी झाली आहे. घाई आहे ती यासाठी.

गोव्यात भाषेचा रकाना भरताना वेगळीच अडचण येते. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' घ्या. १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापले, १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा निघाले. १९०७ मध्ये सालढाणांनी मंगळूरहून रोमन प्रत काढली. देवनागरीत १९५६ मध्ये बंडेलूंची, १९९६ मध्ये द्रागो यांची आली. देवनागरी हस्तलिखित लंडनमध्ये आहे. लेखकाचे नाव थॉमस स्टीफन्स, तोमास इश्तेव्हांव, फादर स्टीफन्स. काव्य मराठी, पण कोकणीची छटा असलेले. जुन्या साच्यात भाषेच्या मुख्य रकान्यात एकच संकेत बसतो, मग तिथे कोणता घालायचा यावर आमच्याकडे सभा उधळेल! नव्या मांडणीत कृती एक, तिच्या आवृत्त्या अनेक, लिपी वेगळी नोंदवलेली, भाषेबद्दल कुणाचे काय म्हणणे आहे तेही त्याच्या नावानिशी नोंदवलेले. बाकीबाब बोरकरांनाही मराठी कवी की कोकणी कवी असे एका खणात कोंबायला नको. साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना १९८१ मध्ये कोकणी 'सासाय'साठी मिळाला आणि मराठी कवितेतले त्यांचे स्थान त्याने तसूभरही हलले नाही. माणूस एक, भाषा दोन. सूचीने तेवढे सांगावे, निवाडा करू नये.

आता आक्षेप. पहिला आक्षेप, 'गूगलवर सगळे मिळते, सूची कशाला?' गूगलवर मिळते ते कुणीतरी नीट नोंदवलेले असते म्हणून. नोंदच नसलेले पुस्तक यंत्राला दिसत नाही. शिवाय देवनागरीत 'ऱ्य' लिहायच्या संगणकात दोन तऱ्हा आहेत, 'ॲ' लिहायच्या दोन आहेत. जुनी माहिती तर युनिकोडपूर्व फॉन्टांत अडकून पडली आहे. डोळ्यांना सारखी दिसणारी दोन नावे यंत्राला वेगळी वाटतात. दुसरा आक्षेप ताजा आहे, 'आता कृत्रिम बुद्धिमत्ता करील.' करील की, मदत नक्की करील. हजारो नावांच्या जोड्या सुचवायला तिचा उपयोग आहेच. पण दोन डी. डी. कोसंबींच्या बाबतीत ती काय सुचवील याची मला धास्ती वाटते. शेवटी हो किंवा नाही म्हणणारा जाणकार लागतोच, आणि त्याचा निर्णय लिहून ठेवायला तो क्रमांक लागतो.

तिसरा आक्षेप खरा आहे. पैसा नाही, माणसे नाहीत. ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्याला वेळेवर पगार मिळत नाही, तो क्रमांक कधी लिहिणार? हे मी नाकारत नाही. पण मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानिमित्ताने संमेलने होतील, मांडव पडतील, स्मरणिका निघतील. त्यातल्या एका मांडवाचा खर्च या कामाला द्यावा, एवढीच मागणी मी करीन. पाच गावांत प्रत्येकी एक प्रशिक्षित माणूस दोन वर्षे बसवला तर प्रमुख लेखकांची नामसूची उभी राहू शकते. इमारत बांधायची नाही की यंत्रे आणायची नाहीत.

एका बाबतीत मात्र सावध राहावे लागेल. ती म्हणजे मालकी. ओसीएलसीला २०२० मध्ये मेलन फाउंडेशनचे मोठे अनुदान मिळाले आणि त्यातून व्यक्तींच्या व ग्रंथांच्या सामायिक क्रमांकांची पायाभूत व्यवस्था उभी राहिली. काम उत्तम आहे. पण त्या व्यवस्थेत भर घालायची साधने वर्गणीदार ग्रंथालयांसाठी आहेत. आमच्या तालुक्याच्या वाचनालयाने डॉलरमध्ये वर्गणी भरून आपल्याच लेखकाचे नाव दुरुस्त करायचे, हे काही खरे नाही. विकिडेटा २०१२ पासून आहे. तो सर्वांना मोफत आहे, त्यातली माहिती कुणीही वापरावी, आणि त्यात मराठी नाव मराठीत घालता येते. कुणीही बदल करू शकतो हा त्याचा धोका. म्हणून माझे मत असे की क्रमांक विकिडेटाचा आणि व्हियाफचा घ्यावा, पण तपासलेली मराठी नामसूची आपल्या ग्रंथालयांनी मिळून स्वतःकडे ठेवावी आणि ती पूर्ण खुली असावी. कुणा एका शहराच्या संस्थेचे तिच्यावर कुलूप नको. मुंबई-पुण्याच्या मोठ्या ग्रंथालयांचे सहकार्य हवेच, पण सुरुवात कडेच्या गावांनी करावी. वगळले गेलो आहोत ते आपण.

सुरुवात छोटी असावी. प्रत्येक ग्रंथालयाने आपल्या गावच्या लेखकांची यादी करावी. नावाची सगळी रूपे, टोपणनाव, गाव, जन्म-मृत्यूचे साल, आणि हे कशावरून ठरवले ते. जिवंत लेखकांच्या बाबतीत घरचा पत्ता, फोन असले काही घालू नये. पुस्तकावर छापलेले आहे तेवढेच पुरे. मग प्रत्येक नावाला क्रमांक शोधावा, नसेल तर नवा करावा. फोंड्याच्या ग्रंथालयाने फोंड्याचे लेखक पाहावेत, बेळगावने बेळगावचे. बाप-लेकांची, टोपणनावांची, पोर्तुगीज वळणाच्या आडनावांची गाठ तिथेच सुटेल.

ग्रंथालयांच्या वार्षिक सभेत आपण चहाचा खर्च आणि पंख्यांची दुरुस्ती यांवर तास-तास बोलतो. पुढच्या सभेत एक प्रश्न विचारून पाहा: आपल्या गावच्या लेखकांची पुस्तके आपल्या सूचीत एकाच नावाखाली सापडतात का? चिटणीसांना उत्तर देता आले नाही तर रागावू नका. त्यांच्याबरोबर एका रविवारी बसा आणि पहिली दहा नावे तपासून घ्या. सभासदाला एवढे करता येते.